वाळवी न लागणारं लाकूड

सोलापूर जिल्ह्यात वाळवीनं सोडलेलं लाकूड सापडणं अवघड. दाराची चौकट असो, गोठ्याची मेढ असो की देवघराची मागची फळी, एक-दोन पावसाळे दुर्लक्ष झालं की बोटानं दाबल्यावर आत नुसती माती. अशा जिल्ह्यात शेतघरं, हॉटेलांची आवारं, कृषी पर्यटन केंद्रं यांच्यासाठी पाइनचे खांब थेट मातीत रोवून दिले जातात, वर 'वीस वर्षं बघायला नको' अशी हमी. नखानं ओरखडा उठावा इतकं मऊ लाकूड काळ्या रानात वीस वर्षं उभं राहणार, याचं सगळ्यांना कौतुक. त्याला वाळवी का शिवत नाही, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि विकणारा आपण होऊन सांगत नाही.

शिवत नाही, कारण त्यात विष भरलेलं असतं. ते पावसाबरोबर थोडं थोडं मातीत उतरतं, लाकूड कापलं की भुशात जातं, जाळलं की धुरात आणि राखेत. ज्या लाकडात काय भरलंय हे लाकडावरच लिहिलेलं नाही, ते सोलापूरच्या मातीत रोवायला आणि त्याहून आधी ते जाळायला मनाई असावी, असं माझं मत आहे. हे मत टोकाचं वाटेल. प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंगाचं सांडपाणी येतं, नाल्याचा फेस येतो. लाकूड कोणाच्याच यादीत नसतं. लाकूड म्हणजे निसर्ग, आणि निसर्गानं काय बिघडणार, असा आपला भाबडा हिशेब.

लाकडाला विष पाजण्याची ही विद्या आपल्याच देशातली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेशम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधून काढलं आणि पुढं ते जगभर गेलं. आज त्याला सीसीए म्हणतात. पद्धत अशी: लाकूड मोठ्या लोखंडी टाकीत घालायचं, आतली हवा खेचून घ्यायची, मग ते द्रावण दाबानं आत घुसवायचं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक, म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडातला सोमल, किड्यांना मारतं, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवतं. शोध हुशारीचा होता, यात वाद नाही. ज्या लाकडाची आयुष्याची मर्यादा दोन-तीन वर्षं, ते वीस-पंचवीस वर्षं टिकू लागलं. त्यानं किती साग आणि साल वाचले असतील, कुणास ठाऊक.

पण किती विष भरतात, तेही बघू. मातीत रोवायच्या लाकडासाठी अमेरिकेत रूढ असलेलं प्रमाण घनमीटरला ६.४ किलो. त्या मिश्रणाच्या नेहमीच्या प्रकारात आर्सेनिकचं ऑक्साइड ३४ टक्के असतं. गुणाकार-भागाकार केला तर घनमीटर लाकडात जवळजवळ १.४ किलो शुद्ध आर्सेनिक निघतं. चार इंच जाडीचा, आठ फुटी गोल खांब धरला तर एकट्या खांबात अठ्ठावीसेक ग्रॅम. एकरात असे दोनशे खांब उभे केले तर पाच किलोंच्या वर. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, हे शेजारी ठेवून तो आकडा वाचावा.

यातलं बहुतेक लाकडातच राहतं, हे खरं. पण सगळं राहत नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात घरांमागच्या लाकडी ओट्यांखालची माती तपासली गेली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ओट्याखाली किलोभर मातीत सरासरी ७६ मिलिग्रॅम आर्सेनिक मिळालं. आजूबाजूच्या मोकळ्या मातीत ते ४ च्या आसपास होतं. त्या ओट्यांवर मुलं खेळत होती, खाली मांजरं झोपत होती. पुढं २००३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी हे लाकूड तयार करणं थांबवलं, युरोपनं २००४ मध्ये त्यावर कडक बंधनं घातली, ऑस्ट्रेलियानं २००६ मध्ये खेळाची साधनं, बाकं, ओटे यांसाठी ते बंद केलं. आपल्याकडे आयएस ४०१ या भारतीय मानकात लाकूड टिकवण्याची द्रव्यं आणि त्यांची प्रमाणं दिलेली आहेत. ती टाकी चालवणाऱ्यासाठी. वखारीतून चार खांब ट्रॅक्टरमध्ये टाकून नेणाऱ्याच्या हातात त्यातलं काहीच येत नाही.

आता आपल्या मातीकडे वळू. परदेशातल्या पाहण्या जशाच्या तशा सोलापूरला चिकटवण्यात अर्थ नाही. तिथला पाऊस वेगळा, माती वेगळी. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. कमी पाऊस म्हणजे लाकडातून कमी धुऊन जाणार, हा मुद्दा आपल्या बाजूचा. काळ्या मातीत चिकण भरपूर, ती धातूंना धरून ठेवते, हाही आपल्या बाजूचा. तांबं तर आपल्या चुनखडीच्या मातीत फारसं हलतच नाही. आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत तांब्याचा मोठा वाटा खांबांचा नसतोच, तो वर्षानुवर्षं मारलेल्या बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा. तेल्या रोगाच्या धाकानं डाळिंबवाल्यांनी जेवढं मोरचूद फवारलंय, त्यापुढं खांबातलं तांबं किरकोळ.

आर्सेनिकचं मात्र उलटं आहे. आपल्या मातीचा सामू (पीएच) आठच्या वर, कालव्याच्या पट्ट्यात चोपण झालेल्या रानात त्याहून जास्त. सामू असा चढला की माती आर्सेनिकला नीट धरत नाही, ते पाण्याबरोबर सुटतं. त्यात आपण डीएपी खत टाकतो. त्यातलं फॉस्फेट आणि आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं मातीतलं रूप, ही रसायनशास्त्राच्या दृष्टीनं भावंडं. मातीच्या कणावरची जागा एकानं घेतली की दुसरा बाहेर. खांबाच्या बुडाशी ठिबकची नळी जात असेल तर पाऊस कमी असण्याचा फायदाही गेला, कारण ती जागा बारमाही ओलीच. आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा तर सगळ्यांनी पाहिल्यात. हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा. मृगाचं पहिलं पाणी मातीतून झिरपत नाही, भेगेतून सरळ खाली पळतं, वरचं जे असेल ते घेऊन. चिकणमाती धरून ठेवते हे पुस्तकात ठीक. पाणी मातीला भेटलंच नाही तर धरणार काय?

डाळिंबाची रानं तर बहुतेक हलकी, मुरमाड. तिथं धरून ठेवायला चिकणही बेताची. मुरमाखाली खडक, खडकाच्या फटींतून विहिरीचं पाणी. मी घाबरवत नाहीये. एका धडधाकट खांबाभोवती विष पसरतं ते बहुतेक वेळा वीतभर-हातभर अंतरात, फळात तर नगण्यच उतरतं. कोणाचा नंबर एकचा डाळिंब एवढ्यानं विषारी होत नाही, आणि तसं कोणी ओरडायला लागलं तर त्यात नुकसान शेतकऱ्याचंच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपनं आपली द्राक्षं अडवली, तेव्हा ज्यांचे कंटेनर परत आले त्यांना विचारा. बाजार असा बंद झाल्यावर जागं होण्यापेक्षा आधी माहिती असलेली बरी, इतकंच म्हणायचंय.

खरी भीती उभ्या खांबाची नाही. ती खांब पडल्यावर सुरू होते.

खांब मोडतो, ओट्याच्या फळ्या उलतात, नूतनीकरण निघतं. निघालेलं लाकूड आवाराच्या कोपऱ्यात ढीग करून पडतं. पाच-सात वर्षं ऊन खाल्लेलं हे लाकूड साधं करडं दिसतं, बाभळीच्या जुन्या फाट्यासारखं. करवतीनं कापलं तर कडेनं फिकट हिरवट पट्टा दिसतो, आत पिवळसर. तो पट्टा कोणी बघत बसत नाही. शिवाय हे लाकूड वाळलेलं, हलकं, पटकन पेटणारं. ते जातं कुठं? सालगड्याच्या चुलीत. वॉचमनच्या शेकोटीत. हुरड्याच्या दिवसांत पाहुणे रात्री मुक्कामाला थांबले की पेटवल्या जाणाऱ्या होळीएवढ्या जाळात. हुरडा शेणीच्या आरावरच भाजतात, मान्य. पण आगटीशेजारी थंडीसाठी जो जाळ लागतो त्यात कोणी लाकडाची जात विचारून टाकत नाही.

धातू जळत नाहीत. पाचशे किलो लाकूड जाळलं की पाच-सात किलो राख उरते आणि लाकडात पसरलेले तांबं-क्रोमियम त्या मूठभर राखेत गोळा होतात. आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो, बाकीचा राखेत. जळताना क्रोमियमचं रूपही पालटतं. त्याचा काही भाग सहा संयुजेच्या, म्हणजे कर्करोगकारक, रूपात येतो आणि राख अल्कधर्मी असल्यानं तसाच टिकतो. लाकडात जखडलेलं विष जाळून आपणच मोकळं करतो, तेही पाण्यात विरघळेल अशा रूपात.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या आठ जणांच्या एका कुटुंबाची हकीकत १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. दर हिवाळ्यात घरातले सगळे आजारी पडायचे. अंगावर चट्टे, नाकातून रक्त, पायात गोळे, केस मूठमूठ गळायचे. उन्हाळा आला की बरे व्हायचे. तीन वर्षं हे चाललं. शेवटी कळलं की घर गरम ठेवायला शेगडीत जाळत होते ते प्लायवूडचे तुकडे सीसीए पाजलेले होते. त्यांच्या घरातली धूळही आर्सेनिकनं भरलेली निघाली. त्या घरात निदान डॉक्टरांनी पाठपुरावा केला. आपल्याकडे सालगड्याच्या बायकोचे केस गळाले तर 'पाणी बदललं असेल' म्हणून विषय संपतो.

आणि राखेचं आपण काय करतो? फेकत तर नाहीच. वांग्यावर, गवारीवर मावा आला की धुरळतो. डाळिंबाच्या आळ्यात टाकतो, पालाश मिळतं म्हणून. कुठं कुठं अजून तिनं भांडी घासतात. राख हे आपल्या शेतीतलं फुकटचं, जुनं, निर्दोष खत. तिच्यावरचा हा विश्वास बाभळीच्या आणि तुरकाठीच्या राखेवर बसलेला आहे. हॉटेलच्या मोडक्या ओट्याच्या राखेला तो लागू होत नाही. म्हणून मला या विषयात खांबाआधी चूल दिसते. वीस वर्षं टिकणाऱ्या लाकडाचा फायदा मालकाला मिळतो आणि त्याचा शेवट मजुराच्या घरात होतो.

भुशाची गत वेगळी नाही. वखारीत, सुताराच्या मांडवात कापताना पडणारा भुसा पोत्यांनी विकला जातो. कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला, गोठ्यात, भट्ट्यांना. सुतार तो दिवसभर नाकातोंडात घेतो, मास्क वगैरे काही नसतं. सगळ्या जातीचं लाकूड एकाच करवतीखाली, भुशाचा ढीगही एकच.

मग रेल्वेचे स्लीपर. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. आज इथं मध्य रेल्वेचा विभाग आहे, कुर्डुवाडीला कारखाना आहे, आणि बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पाहिलेले लोक अजून हयात आहेत. रूळ आणि सिलपाट या जिल्ह्याला नवे नाहीत. लोहमार्गावर आता काँक्रीटचे स्लीपर आले, लाकडी निघाले, भंगारात लिलावानं गेले, आणि व्यापाऱ्यांमार्फत बंगल्यांच्या बागांत, ढाब्यांच्या बाकांत, शेततळ्याच्या पायऱ्यांत पोचले. दिसायला देखणे असतात. जाडजूड, काळे, खिळ्यांच्या भोकांसकट. 'अँटिक' म्हणून भाव मिळतो.

यातले सागाचे आणि सालाचे बरेचसे स्लीपर मुळात टिकाऊ म्हणून काही न पाजताच वापरलेले असायचे. चीडसारख्या लाकडाला मात्र क्रिओसोट पाजावं लागे. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं ते काळं तेल. पंजाबातल्या ढिलवां इथं रेल्वेचा त्यासाठी खास कारखाना होता. आता सत्तर वर्षांचं काळवंडलेलं लाकूड बघून हा कुठला आणि तो कुठला, हे सांगता येत नाही. एक खूण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की क्रिओसोटवाल्या स्लीपरच्या चिरांमधून चिकट काळा थेंब वर येतो आणि डांबरगोळीसारखा उग्र वास सुटतो. हात लावला तर डाग साबणानं जात नाही, कातडीला आग होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं क्रिओसोटला माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्यांच्या वर्गात घातलंय; आर्सेनिक तर थेट पहिल्या वर्गात आहे. युरोपात असे स्लीपर घरात, खेळण्याच्या जागी, जिथं कातडीचा वारंवार स्पर्श होईल अशा बागांत वापरायला बंदी आहे. आपल्याकडे त्याचा झोपाळा करतात आणि त्यावर पोरं बसवून फोटो काढतात. स्लीपरनं कड बांधलेल्या वाफ्यात कोथिंबीर लावलेली मी पाहिली आहे. मालक मोठ्या अभिमानानं सांगत होते, सगळं सेंद्रिय आहे.

बरं, नुसत्या कारखान्याच्या लाकडाला दोष देऊन आपण सुटत नाही. आपली घरची 'ट्रीटमेंट' काही कमी नाही. मेढीच्या बुडाला ट्रॅक्टरचं काळं ऑईल फासणं, बांबूची टोकं डांबरात बुडवणं, खड्ड्यात क्लोरपायरीफॉस ओतणं, आणि एके काळी बीएचसी या कीटकनाशकाची पावडर मुठीमुठीनं टाकणं. बीएचसी १९९७ मध्ये बंद झालं, पण जुन्या गोठ्याच्या मातीत ते अजून असेल तर मला नवल वाटणार नाही. जळक्या ऑईलमध्ये इंजिनच्या झिजेचे धातू असतात. ते फासून वाळवी फार तर वर्षभर थांबते, आणि माती मात्र कायमची बिघडते. हे सोडून द्यायला कोणत्या कायद्याची वाट बघायला नको.

कायद्याचं काय म्हणाल तर तोही अगदीच नाही असं नाही. केंद्रानं जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची यादी जिल्हा पातळीवरून वर जायची, राज्याच्या मंडळानं तपासणी करायची, ज्यानं घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, असा त्याचा गाभा. पण ही चौकट मोठ्या जागांसाठी आहे. कारखान्याचं आवार, जुना उकिरडा. शेतातल्या दोनशे खांबांसाठी कोणी नोटीस काढणार नाही, आणि काढूही नये.

शेतकऱ्याच्या हातात असतं ते मृदा आरोग्य पत्रिकेचं पान. २०१५ पासून ती मिळते. त्यात बारा गोष्टी: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. आर्सेनिक नाही, क्रोमियम नाही. तांबं आहे, पण ते कमी तर नाही ना हे बघायला. जास्त झालं तर काय, हा प्रश्न त्या पानाच्या डोक्यातच नाही. म्हणजे माती बिघडली तरी पत्रिका तिला निरोगी म्हणू शकते. प्रत्येक पत्रिकेत हे धातू घाला असं मी म्हणत नाही, तो खर्च झेपायचा नाही. पण या जिल्ह्यात केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, कोरडवाहू शेतीचं जुनं संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. जिथं दहा वर्षांवर झालेले लाकडी खांब किंवा ओटे आहेत अशा पन्नास जागा निवडून, बुडाची, हातभर लांबची आणि दहा फुटांवरची माती तपासून एकदा आकडे मांडले तर या सगळ्या चर्चेला जमीन मिळेल. कनेक्टिकटच्या पावसातले आकडे सोलापूरला किती दिवस वाचून दाखवायचे?

मात्र शिक्का मारायला त्या आकड्यांसाठी थांबायची गरज नाही. आणि शिक्का मारणं अशक्य आहे असं कोणी म्हणू नये, कारण लाकडावर शिक्का मारण्याची पद्धत जगात चालू आहे आणि ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतही बघायला मिळते. परदेशातून यंत्राबरोबर आलेला पॅलेट उलटा करून बघा. त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं, क्रमांक आणि शेवटी एचटी किंवा एमबी असं डागलेलं असतं. एचटी म्हणजे उष्णतेनं किडे मारलेले, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीनं. २००२ पासून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एका देशातला भुंगा दुसऱ्या देशाच्या जंगलात जाऊ नये म्हणून प्रत्येक फडतूस पॅलेटवर शिक्का. मग सोमल पाजलेला खांब आपल्या मातीत जाताना कोरा का? भुंग्याला पासपोर्ट आणि विषाला मुभा, हा कुठला न्याय?

त्या शिक्क्यावर तीन गोष्टी हव्यात: कोणतं द्रव्य, किती, आणि 'जाळू नये' असं मराठीत ठळक. बिलावर तेच पुन्हा. असा शिक्का सक्तीचा करायला दिल्लीतून हलावं लागेल, त्याला वेळ लागेल. पण महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांना आपल्या निविदेत ओळ घालायला कोणाची परवानगी लागत नाही. बागेतलं बाक, मुलांची घसरगुंडी, तळ्याकाठचा ओटा, शाळेचं कुंपण यासाठी आर्सेनिक किंवा क्रिओसोट असलेलं लाकूड चालणार नाही आणि प्रत्येक लाकडासोबत द्रव्याचं प्रमाणपत्र लागेल, एवढं निविदेत लिहिलं की वखारवाले आपोआप माहिती ठेवायला लागतात. सरकारी कामाचा पुरवठादार आणि खासगी शेतघराचा पुरवठादार बहुधा एकच असतो.

यावर वखारवाल्यांचं उत्तर ठरलेलं आहे: मग साग वापरा, झाडं तोडा. हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. टिकाऊ केलेलं लागवडीचं लाकूड जंगलावरचा भार कमी करतं, हे खरंच आहे. आर्सेनिक नसलेली, तांब्यावर आधारलेली द्रव्यंही आता आहेत. महाग पडतात, पाण्याजवळ माशांना त्रास देतात, पण त्यांची राख सोमलाची नसते. घराच्या आतल्या, पाऊस न लागणाऱ्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक पुरतं. प्रश्न विचारायचा तो वेगळाच आहे. लाकूड मातीत रोवायचं कशाला?

सोलापूरच्या कुठल्याही जुन्या वाड्यात खांबाच्या बुडाशी वाकून बघा. खाली तळखडा असतो, घडीव काळा दगड, वीत-दीड वीत उंच, आणि लाकूड त्याच्यावर उभं. लाकूड आणि ओल यांची गाठच पडू द्यायची नाही, हे गवंड्याला माहीत होतं. शंभर-दीडशे वर्षं झाली, खांब अजून उभे आहेत, कुठल्याही टाकीत न शिजता. आज तेच काम दगडानं करा, काँक्रीटच्या ठोकळ्यानं करा किंवा लोखंडी बूट बसवून करा. कुंपणाला आणि मांडवाला तर आपल्याकडे दगडी खांब, सिमेंटचे पोल, लोखंडी अँगल रूढच आहेत. नान्नज-कासेगावच्या द्राक्षबागांना पाइनच्या खांबांवाचून काही अडलेलं नाही. हे सजावटीचं लाकूड घेतं कोण? गरीब शेतकरी घेत नाही, त्याला परवडतच नाही. पैसेवाला घेतो, दिसायला बरं म्हणून. त्यामुळे नियम केला तर गरिबाच्या खिशाला हात लागेल, ही ओरड इथं टिकत नाही.

राहिला प्रश्न आधीच लागलेल्या लाकडाचा. ते उपटून काढायची घाई नको. उभं आहे ते उभं राहू द्या, दर उन्हाळ्यात तेलाच्या रंगाचा हात द्या, त्यानं झिरपणं कमी होतं. बुडाशी मेथी-कोथिंबीर नको, पोरांनी खेळून आल्यावर हात धुवावेत. मोडेल तेव्हा कापू नका, जाळू नका, विहिरीच्या कडेला भरावात घालू नका; पत्र्याखाली, फरशीवर ठेवा. न्यूझीलंडमध्ये मार्लबरोच्या द्राक्षपट्ट्यात असे खांब राजरोस वापरतात आणि तिथं दरवर्षी यंत्रानं मोडणाऱ्या खांबांच्या थप्प्या लागतात, कारण जाळता येत नाहीत आणि पुरायला महाग. श्रीमंत देशाची ही अडचण असेल तर आपली काय होईल, ते दिसतंच आहे. आपल्याला जवळचं म्हणजे पुणे जिल्ह्यात रांजणगावला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आहे. तिथवर चार मोडक्या खांबांचं भाडं कोणी शेतकरी भरणार नाही. महापालिकेनं कचरा डेपोवर एक वेगळा, छप्पर असलेला कप्पा ठेवावा, जिल्ह्यातलं असं लाकूड तिथं फुकट घ्यावं, आणि गाडी भरली की पुढं पाठवावी. खर्चाची तरतूद वर सांगितलेल्या निविदेतच होऊ शकते: जो ठेकेदार लाकूड उभं करेल, त्यानं ते काढून नेण्याची अनामत कामाच्या बिलातूनच आधी भरायची.